कुकीचे तुकडे घातलेली सणाची ब्राउनी: नाताळपासून गड्डा यात्रेपर्यंत

डिसेंबरच्या अखेरीस शाळांना नाताळची सुटी लागते आणि तेथून जानेवारीच्या मध्यावर भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेपर्यंत सोलापुरातल्या घरांतून पाहुण्यांची वर्दळ थांबत नाही. ओव्हनमधले गोड पदार्थ करण्यासाठी आपल्याकडची हवा वर्षभरात सर्वांत सोयीची असते ती याच दिवसांत. दुपारी पारा तिशीच्या आसपास राहतो, पहाटे तो बराच खाली येतो आणि हवा कोरडी असते. त्यामुळे ओट्यावर काढून ठेवलेले बटर मऊ होते पण वितळत नाही, चॉकलेट डब्यात घट्ट राहते आणि पुडा फोडलेली बिस्किटे तासाभरात सादळत नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हाच पदार्थ करताना अर्धा वेळ फ्रीजची दारे उघडण्यात जातो.

ब्राउनी हा मूळचा अमेरिकेतला पदार्थ आहे. तो केकसारखा फुगवायचा नसतो. आतून दाट, ओलसर आणि वरून पातळ पापुद्र्याचा असावा लागतो. त्यात कुकीचे तुकडे घालण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे, परंतु घरी केलेल्या अशा ब्राउनीत एक दोष वारंवार आढळतो. कुकी मिश्रणातला ओलावा शोषून मऊ पडते आणि खाताना ब्राउनीपेक्षा वेगळी अशी ती जाणवतच नाही. तसे होणार असेल तर कुकी घालण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. म्हणून पुढील रीतीत कुकीची निवड, तिच्यावर करावयाचे लेपन आणि ती मिश्रणात घालण्याची वेळ या तीन गोष्टींकडे अधिक लक्ष दिले आहे. उरलेली कृती सोपी आहे.

साहित्य

२० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी ॲल्युमिनियमच्या टिनसाठी हे प्रमाण आहे. त्यातून सोळा बेताच्या वड्या पडतात. बटर ११५ ग्रॅम, डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, मोठी अंडी दोन, मैदा ९० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स चहाचा एक चमचा आणि कुकीज १४० ग्रॅम घ्याव्यात. कुकीच्या लेपासाठी आणखी ६० ग्रॅम चॉकलेट वेगळे ठेवावे. बटर बिनमिठाचे असेल तर पाव चमचा मीठ घालावे. पिवळे खारे बटर वापरल्यास वेगळ्या मिठाची गरज नाही. घरच्या लोण्यात पाण्याचे प्रमाण कमीजास्त असते आणि त्याला ताकाचा आंबटपणाही असतो, त्यामुळे येथे ते वापरू नये. बेकिंग पावडर या यादीत नाही, ती विसरलेली नाही. ती घातली की ब्राउनी फुगते, सच्छिद्र होते आणि चॉकलेट केकच्या वाटेला जाते.

ही सर्व मापे वाटीने घेण्यापेक्षा वजनाने घ्यावीत. मैदा वाटीत दाबून भरला आणि चाळून भरला तर त्याच्या वजनात बराच फरक पडतो, आणि ब्राउनीत २० ग्रॅम मैदा जास्त झाला तरी ती कोरडी होते. स्वयंपाकघरातला लहान इलेक्ट्रॉनिक काटा आता महाग राहिलेला नाही.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. तीत कोको बटर असेल तर ते खरे चॉकलेट होय. कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेले असेल तर ते कंपाउंड आहे. केक-साहित्याच्या दुकानांत कंपाउंडच्या लाद्या स्वस्त आणि मुबलक मिळतात, मात्र ब्राउनीच्या मिश्रणात त्या वापरल्यास वडी थंड झाल्यावर टाळूला मेणचट लागते. पन्नास ते साठ टक्के कोको असलेले साधे डार्क चॉकलेट या कामासाठी पुरेसे आहे. त्याहून कडू चॉकलेट घेतल्यास लहान मुले वडी बाजूला सारतात. उन्हाळ्यापासून राहिलेल्या चॉकलेटवर पांढुरकी झाक आली असेल तर ती बुरशी समजून फेकू नये. उष्णतेने कोको बटर पृष्ठभागावर येऊन पुन्हा गोठल्याची ती खूण असते, आणि वितळवून वापरायचे असल्याने त्याने काही बिघडत नाही.

आपल्या जिल्ह्यात साखरेचे कारखाने पुष्कळ आहेत, पण बाजारात मिळणारी साखर दाणेदार असते आणि ती अंड्यात लवकर विरघळत नाही. ती मिक्सरमधून एक-दोन वेळा फिरवून रव्याइतकी बारीक करावी. अगदी पिठी करण्याचे कारण नाही.

कुकीची निवड

येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक बिस्कीट ओव्हनमध्ये सारखे वागत नाही. चहात बुडवून खाण्याची पातळ ग्लुकोज बिस्किटे आणि मारी यांत स्निग्धांश कमी असतो. चहात ती जशी क्षणात विरतात तशीच मिश्रणातही विरतात. ती घरात पडून आहेत म्हणून येथे वापरण्याचा मोह टाळावा. याउलट ज्या कुकीत बटर किंवा तूप भरपूर असते तिच्यातले पिठाचे कण स्निग्धांशाने वेढलेले असतात आणि त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. म्हणून चॉकलेट चिप कुकी, काजूची कुकी आणि आपल्या बेकऱ्यांत सुट्या वजनावर मिळणारी नानकटाई ही या कामाची खरी बिस्किटे आहेत. दोन काळ्या चकत्यांमध्ये पांढरे क्रीम असलेली बिस्किटेही चालतात. क्रीम वितळून भोवतालच्या मिश्रणात मिसळते, चकती मात्र बऱ्यापैकी टिकते.

माझा कौल नानकटाईला आहे. तिचा वेलदोड्याचा वास चॉकलेटशी फार चांगला जमतो आणि नाताळाच्या फराळात मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळी, चकल्यांच्या ताटात ही वडी ठेवली तर ती परकी वाटत नाही. मात्र नानकटाई फार खुसखुशीत असल्याने हाताने मोडताना तिचा भुगा होतो. ती धारदार सुरीने एका झटक्यात दोन किंवा तीन भागांत कापावी आणि पडलेला भुगा मिश्रणात न घालता बाजूला ठेवावा. कोणत्याही कुकीचे तुकडे अंगठ्याच्या नखापेक्षा लहान नसावेत. तुकडा जितका लहान तितका त्याचा अधिक भाग मिश्रणाला लागतो आणि तितका तो लवकर भिजतो.

पुडा आधीच फोडलेला असेल आणि कुकी किंचित मऊ लागत असेल, तर ती १५० अंश सेल्सिअसवर पाच ते सात मिनिटे ठेवून पूर्ण गार करावी. गरम असताना ती मऊच वाटते. गार झाल्यावर कुरकुरीतपणा परत येतो.

आता लेप. वेगळे ठेवलेले ६० ग्रॅम चॉकलेट वितळवून त्यात कुकीचे तुकडे हलक्या हाताने घोळवावेत, काट्याने उचलून जास्तीचे चॉकलेट निथळू द्यावे, ताटलीत बेकिंग पेपरवर सुटे सुटे मांडावेत आणि फ्रीजमध्ये पंधरा मिनिटे ठेवावेत. या एका कामासाठी कंपाउंड चॉकलेट वापरण्यास हरकत नाही. ते लवकर आणि कडक गोठते. ओव्हनमध्ये हा लेप वितळतो, तरीही स्निग्धांशाचा पातळ थर तुकड्याभोवती राहतो आणि ओलावा आत जाण्याचा वेग मंदावतो. गार तुकडा तापायलाही थोडा अधिक वेळ घेतो. वरच्या सजावटीसाठी पाच-सहा तुकडे लेपाशिवाय राखून ठेवावेत, म्हणजे कुकीचा बदामी रंग दिसतो.

मिश्रण आणि भाजणी

सुरुवातीलाच टिनला बेकिंग पेपर लावून घ्यावा आणि दोन बाजूंनी त्याची टोके कडेच्या वर राहू द्यावीत. पुढे पूर्ण लादी याच टोकांना धरून उचलायची आहे. दुकानदार बटर पेपर म्हणून जो कागद देतात त्यात मेणाचा लेप असलेला कागदही येतो. तो ओव्हनसाठी नसतो, म्हणून घेताना विचारून घ्यावे. ओव्हन १७० अंशांवर लावून निदान पंधरा मिनिटे तापू द्यावा.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे पाणी गरम करून मंद आच ठेवावी आणि त्यावर स्टीलचे किंवा काचेचे भांडे असे बसवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. भांडे पूर्ण कोरडे असले पाहिजे. वितळणाऱ्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब जरी पडले तरी ते एकदम घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्यांतून गुळगुळीत चॉकलेट पुन्हा मिळवणे कठीण असते. बटर आणि चॉकलेट एकत्र घालून तीन-चतुर्थांश वितळले की गॅस बंद करावा. उरलेले भांड्याच्या उष्णतेने वितळते. त्यात कोको पावडर चाळून घालावी आणि गुठळी राहणार नाही असे ढवळावे. कोको गरम बटरमध्ये घातल्याने त्याचा वास अधिक खुलतो.

दुसऱ्या भांड्यात अंडी आणि बारीक केलेली साखर घेऊन तीन ते चार मिनिटे फेटावे. मिश्रण फिके, घट्टसर आणि चमच्यावरून रिबिनीसारखे पडणारे झाले पाहिजे. ब्राउनीच्या वरचा चकाकणारा, स्पर्श करताच तडकणारा पापुद्रा येथेच ठरतो. विरघळलेली साखर आणि अंड्यातील प्रथिने भाजताना वरच्या थरात वाळतात आणि त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. साखर दाणेदारच राहिली तर तो येत नाही. अंडी फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली असावीत. लहान आकाराची असतील तर दोन अंड्यांसोबत एक मोठा चमचा दूध घालावे.

चॉकलेटचे मिश्रण कोमट झाले आहे याची खात्री करून ते अंड्यात ओतावे, इसेन्स घालावा आणि एकजीव करावे. मग मैदा चाळून घालावा आणि पांढऱ्या रेषा दिसेनाशा होताच हात थांबवावा. मैदा घातल्यावर घोटत बसल्यास त्यातील चिकटपणा वाढतो आणि वडी चिवट होते. या टप्प्यावर चमचा जागच्या जागी फिरवण्यापेक्षा तळापासून वर उचलत मिश्रण उलटणे चांगले.

कुकीचे तुकडे भांड्यात घालून कालवू नयेत, ही या पाककृतीतली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. कालवताना लेप निघतो, कडा झिजतात आणि तुकडे तळाशी जमतात. त्याऐवजी अर्ध्याहून थोडे अधिक मिश्रण टिनमध्ये पसरावे, त्यावर फ्रीजमधून नुकतेच काढलेले तुकडे एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडावेत आणि उरलेले मिश्रण त्यांच्यावर ओतून उलथन्याच्या पाठीने सारखे करावे. राखून ठेवलेले तुकडे वर अर्धे बुडतील इतकेच दाबावेत. येथून टिन ओव्हनमध्ये जाईपर्यंत वेळ दवडू नये. मधल्या वेळात चहा टाकायचा असेल तर तो कुकी मांडण्याआधी टाकावा.

टिन मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवून २५ ते ३० मिनिटे भाजावे. लहान ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची तापणारी कांडी टिनच्या फार जवळ येते आणि वरचे तुकडे करपण्याची शक्यता असते. पंधरा मिनिटांनंतर रंग गडद होऊ लागला तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल ठेवावे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंख्यामुळे गरम हवा फिरत राहते, म्हणून तापमान दहा अंशांनी कमी ठेवावे. काचेचे भांडे वापरल्यास ते उशिरा तापते आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ शिजवत राहते, हे लक्षात घेऊन ते दोन-तीन मिनिटे लवकर काढावे. मध्येच वीज गेल्यास दार उघडू नये. पाच-दहा मिनिटांत ती परत आली तर आतली उष्णता बऱ्याच अंशी टिकून असते आणि भाजण्याची वेळ थोडी वाढवून काम भागते.

बाविसाव्या मिनिटापासून पाहायला सुरुवात करावी. कडा सुटू लागलेल्या आणि मध्यभाग टिन हलवल्यावर किंचित थरथरणारा असावा. कडेपासून दोन बोटे आत टूथपिक घातल्यास तिला ओलसर कण चिकटून यावेत. पातळ मिश्रण लागले तर आणखी चार मिनिटे द्यावीत आणि टूथपिक अगदी कोरडी आली तर वेळ निघून गेली असे समजावे. केक करण्याची सवय असलेल्यांचा हात येथे चुकतो, कारण केकमध्ये कोरडी टूथपिक हीच शिजल्याची खूण असते. चाचणी घेताना टूथपिक कुकीच्या तुकड्यात शिरली तर ती फसवी कोरडी येते, तेव्हा दुसऱ्या जागी पुन्हा पाहावे. टिन काढण्यासाठी जाड सोलापुरी टॉवेल चार पदरी दुमडून घेतला तरी चालतो, फक्त तो पूर्ण कोरडा हवा. ओल्या कापडातून उष्णता तत्काळ हाताला लागते.

गार करणे आणि कापणे

दोन तास टिनमध्येच गार होऊ द्यावे, नंतर तासभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि मगच कागदाच्या टोकांनी लादी उचलून कापावी. गरम लादी कापली तर आतला भाग सुरीला चिकटून येतो आणि कुकीचे तुकडे ओढले जातात. लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, वरून सरळ खाली दाबावी, आणि प्रत्येक कापानंतर ती पुन्हा पुसावी. करवतीसारखी पुढेमागे ओढू नये. नानकटाईचा बाजूला ठेवलेला भुगा आता वड्यांवर भुरभुरावा.

काही बदल

ज्या घरांत अंडे चालत नाही, आणि सोलापुरात अशी घरे पुष्कळ आहेत, तेथे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ८० ग्रॅम बटर, १२० ग्रॅम डार्क चॉकलेट, ४० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि १०० मिलिलिटर दूध असे प्रमाण घ्यावे. अंड्याची बांधणी नसल्याने येथे बेकिंग पावडरचा थोडा आधार लागतो. बटर-चॉकलेट वितळवून त्यात दूध, साखर आणि कंडेन्स्ड मिल्क मिसळावे, मग कोरडे जिन्नस चाळून घालावेत. भाजण्याचे तापमान आणि वेळ तीच. चकाकणारा पापुद्रा या प्रकारात येत नाही, आणि तो येईल असे सांगणाऱ्या पाककृतींवर फार विश्वास ठेवू नये. दुधामुळे मिश्रण अधिक ओले असते, म्हणून कुकीवरचा लेप येथे ऐच्छिक नाही. विकतच्या कुकीत अंडे असू शकते; पुड्यावरची यादी पाहावी आणि सुटी नानकटाई घेताना बेकरीत विचारावे.

मैद्याच्या एक-तृतीयांश भागाऐवजी ज्वारीचे पीठ घालता येते. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी बारीक दळून, पुन्हा चाळून घ्यावी. भरड पीठ दाताखाली कचकचते. पीठ जुने होऊन विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी थापता येत नाही, ब्राउनीला मात्र विरीची गरज नसते, त्यामुळे त्या दृष्टीने काळजी नाही. फक्त पिठाला कडवट वास येत नसल्याची खात्री करावी. ज्वारी घातलेले मिश्रण कुकी मांडण्यापूर्वी दहा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे पीठ मुरते. संपूर्ण मैदा काढून ज्वारी घातल्यास वडी मोडते.

ब्राउनीत एरवी घालतात त्या अक्रोडाऐवजी खरपूस भाजून सोललेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या घातल्या तर चव कमी पडत नाही, आणि संक्रांतीच्या सुमारास वरून चमचाभर भाजलेले तीळ भुरभुरल्यास ते चॉकलेटच्या कडवटपणाला शोभतात. साखरेऐवजी गूळ घालण्याचा आग्रह मात्र मला पटत नाही. गुळात ओलावा असतो, तो कुकीच्या मुळावर येतो आणि पापुद्राही जातो. फार तर ५० ग्रॅम साखरेच्या जागी गुळाची पावडर घ्यावी.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये जाळीवर टिन ठेवून, आधी दहा मिनिटे तापवून, मंद आचेवर ४० ते ५० मिनिटांत ब्राउनी होते. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब पडत असल्याने वर कुकी लावू नये. सर्व तुकडे आतल्या थरातच घालावेत.

साठवण

डिसेंबर-जानेवारीत घट्ट झाकणाच्या डब्यात या वड्या तीन ते चार दिवस बाहेर राहतात. पहिल्या दिवशी कुकी सर्वांत कुरकुरीत असते. दुसऱ्या दिवसापासून वडीतला ओलावा हळूहळू तिच्यात उतरतो, आणि त्यावर लेपानेही पूर्ण उपाय होत नाही. त्यामुळे यात्रेच्या दिवशी होम मैदानावरून फिरून येणाऱ्या पाहुण्यांपुढे ठेवायच्या असतील तर आदल्या संध्याकाळी भाजून सकाळी कापणे सोयीचे पडते. पुण्या-मुंबईला पाठवायच्या वड्यांमध्ये बेकिंग पेपरचे तुकडे घालावेत आणि डबा शिगोशीग भरावा, म्हणजे प्रवासात कडा तुटत नाहीत. अधिक दिवस ठेवायच्या असल्यास प्रत्येक वडी वेगळी गुंडाळून हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवावी. दोन महिने ती चांगली राहते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, डबा आणि वेष्टन उघडू नये. तसे केल्याने हवेतली वाफ वेष्टनाच्या बाहेर जमते आणि वरचे कुकीचे तुकडे कोरडे राहतात.